अर्धा हापूस आणि एक बाठा

गरोदरपणात साखर वाढली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘फळं बंद!’ दुसरा म्हणतो, ‘फळातली साखर नैसर्गिक, ती बाधत नाही.’ मला दुसऱ्याची धास्ती जास्त, कारण तो हातात कापलेला आंबा घेऊनच बोलतो.

फळं बंद करायची नसतात, मोजायची असतात. एका वेळी साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक लहान सफरचंद, अर्धं केळं, मध्यम पेरू किंवा पंधराएक द्राक्षं. यांपैकी एकच, ‘थोडं थोडं सगळंच’ म्हणजे फ्रूट प्लेट. मध्यम हापूस अर्धाच. बाठा हिशेबात धरायचा नसतो, असं काकू-मावश्यांचं एकमत असलं तरी त्याला चिकटलेल्या गराला ते कुणी कळवलेलं नसतं. आमरसाच्या वाटीत दीड-दोन आंबे सहज जातात, वर साखर, शेजारी पुऱ्या. ज्यूसचंही तेच. तीन-चार मोसंब्यांचा चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी घटाघट पोटात जाते.

वेळही सांभाळावी लागते. सकाळी हार्मोन्समुळे इन्सुलिनचं फारसं चालत नाही, त्यात वारेची (प्लासेंटाची) हार्मोन्सही आडवी येतात. म्हणून पोह्यांवर केळं नको. जेवणावरही नको, पोळी-भाताने कोटा आधीच भरलेला असतो. अकराला किंवा चार-पाचला खावं, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर बिनसाखरेचं दही. त्याने साखर सावकाश चढते.

मग मोजणी. रक्तातली साखर (mg/dL मध्ये) सहसा खाल्ल्यावर तासाने 140च्या आत, दोन तासांनी 120च्या आत. वेळ पहिल्या घासापासून धरायची. जास्त आलं तर पुढच्या वेळी फळ निम्मं करा. तरी आकडे चढेच राहिले तर डॉक्टरांना वही दाखवा, उपास करू नका.

आणि आंबा सोललेल्या हाताने बोट टोचू नका. कातडीवरचा रस थेंबात मिसळतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही. साबण, वाहतं पाणी आणि कोरडा पंचा हवा. 210 दिसलं तर आंब्यावर गुन्हा दाखल करण्याआधी हात धुऊन पुन्हा मोजा. बोट ओलं राहिलं तर रक्त पातळ होऊन आकडा खोटाच, पण कमी येतो, आणि त्यावर घरात कुणीच शंका घेत नाही.