सयाजीराव महाराजांच्या बालपणाविषयी खुलासा
बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे राजघराण्याशी काडीचाही संबंध नसलेले गुराखी होते, असा मजकूर सध्या मुंबईत मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. मालेगावजवळच्या कवळाणे गावात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले गोपाळराव (सयाजीरावांचे दत्तक जाण्यापूर्वीचे नाव) हे गायकवाड घराण्याच्याच दूरच्या शाखेतील काशीराव यांचे पुत्र होते. घर शेतकऱ्याचे होते आणि मुलाला अक्षरओळख नव्हती, हे खरे. परंतु १८७५ मध्ये बडोद्याचे तेव्हाचे महाराज मल्हारराव पदच्युत झाल्यावर त्यांच्या आधीचे दिवंगत महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले, ते या रक्ताच्या नात्यामुळेच. राज्यकारभाराचे अधिकार त्यांना शिक्षणानंतर, डिसेंबर १८८१ मध्ये मिळाले. ज्या मुंबईत ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले, तेथे तरी हा मजकूर पुढे पाठवू नये, ही कळकळीची विनंती.