दोर सोडून सायकल का धरली

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रस्तरारोहण, म्हणजे दोर लावून कातळ चढण्याचा खेळ, सोडून सायकलिंग ठेवण्याचा माझा निर्णय म्हणजे आवडीचा जमाखर्च झाला. शिवाय हिशोबही चुकला, कारण एका बऱ्यापैकी सायकलच्या पैशांत हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, बूट आणि दोर सगळं येतं. आणि मनात असतं तर दोन्ही खेळ थोडे थोडे करता आले असते. शेवटी विचारलंत, 'दोर विकला का?'

हिशोबाचं मान्य. मी खरेदीच्या किमतींची तुलना केली, तिथेच गफलत झाली. एका खेपेला काय काय लागतं, ते धरायला हवं होतं. सायकलला दीड तास मोकळा मिळाला तरी पुरतो, दाराबाहेर पडलं की खेळ सुरू. कातळावर जायचं तर येण्याजाण्याचा खर्च आणि अख्खा दिवस लागतो, शिवाय बिले देणारा, म्हणजे खाली राहून दोर सांभाळणारा, जोडीदारही त्याच दिवशी मोकळा हवा. इतकं जमवून कातळाला हात लागतो तो तासभर. महिन्याकाठी मला एखादाच पूर्ण दिवस मिळतो, तोही हमखास नाही.

सायकलही फुकट चालत नाही, पण तिचा खर्च आपल्या हातात राहतो. चेनचंच बघा. मी फूटपट्टी लावते. नव्या चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. हे अंतर इंचाच्या सोळाव्या भागाइतकं वाढलं की चेन बदलायची. आळस करून ते आठव्या भागापर्यंत जाऊ दिलं, तर तोवर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचे, दातेही झिजलेले असतात, नवी चेन त्यावरून घसरते आणि दोन्हींचा खर्च अंगावर येतो. पाच मिनिटांचं काम, पण बरेच पैसे वाचतात. दोराला ही सवलत नाही. नायलॉन नुसतं कपाटात पडूनही जुनं होतं. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक उत्पादक साधारण १० वर्षांचीच मुदत देतात, आणि नियमित वापरात तो त्याच्या कितीतरी आधी बाद होतो.

आता 'दोन्ही थोडं थोडं'. ते मी करून पाहिलं, आणि माझा खरा निर्णय तिथेच झाला. दोन महिन्यांच्या खंडानंतर कातळावर गेले होते. बूट चढवले, आठाची गाठ बांधली, तिचं शेपूट, म्हणजे दोराचं मोकळं टोक, पुरेसं ठेवलं, सगळं सवयीने. चढण्याआधी जोडीदाराने नेहमीप्रमाणे माझी गाठ आणि मी त्याचं बिलेचं साधन तपासलं. त्याने माझ्या हार्नेसवर बोट ठेवलं. दोर पायांच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या खालच्या फासातून गेला होता, कमरेच्या पट्ट्याच्या वरच्या फासातून जायचा राहिला होता. गाठ अगदी सुबक होती, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही. मी सोडून पुन्हा बांधली आणि आम्ही चढलो. पण घरी येताना डोक्यात एकच होतं: आज गाठ माझी होती, उद्या तो वर असताना माझा ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात चुकला तर?

सायकलवर दोन महिन्यांनी बसलं तर पहिल्या चढाला दम लागतो, मांड्या भरून येतात, आठवड्या-दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. प्रस्तरारोहणात हातांची ताकद लवकर परत येते, बोटांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे तंतू, मात्र मागे राहतात, आणि हातांच्या जोरावर लहान होल्डला (कातळावरच्या पकडीला) लटकणारा माणूस बोट दुखावून बसतो. तरीही ते दुखणं आपलं आपल्यापुरतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा जीव असतो. त्याला माझा उरलासुरला वेळ देणं मला पटत नाही. खेळ प्रिय आहे म्हणूनच तो अर्धवट करायचा नाही असं मी ठरवलं, आणि हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतंय.

ज्याचा कातळ जवळ आहे आणि जोडीदार दर आठवड्याला मोकळा असतो, त्याने बेलाशक उलट निवड करावी. मूळ लेखात हे लिहायला हवं होतं.

दोर विकला नाही. वापरलेला दोर अनोळखी माणसाला विकूच नये. तो कितीदा झटक्याने ताणला गेला, कुठल्या धारेवर घासला, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तो मी जोडीदाराला दिला. त्या दोरावरचं माझं प्रत्येक पडणं त्यानेच झेललेलं आहे.