खुलासा: मॉड्युलर घर म्हणजे वीजबिल शून्य?

‘कारखान्यात तयार झालेलं मॉड्युलर घर घेतलं की वीजबिल शून्य’ असा संदेश सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि चुकीचा अर्धा भागच महागात पडणारा.

मॉड्युलर, म्हणजे घराचे खोक्यांसारखे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडणं, ही बांधण्याची पद्धत आहे, ऊर्जाबचतीचा दर्जा नव्हे. छपराखाली, पावसापासून दूर काम होतं, मापं अचूक येतात, इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नीट बसवता येतं. इतका फायदा खरा. पण खोके जागेवर आणून जोडले की खरी परीक्षा सुरू होते. दोन खोक्यांमधली फट नीट सील केली नाही, तर महागड्या भिंतींचा उपयोग काय? सांगाडा पोलादी असेल तर आणखी जपावं लागतं. पोलादातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहते, म्हणून सांगाड्यावर बाहेरून इन्सुलेशनचा सलग थर हवा.

हवाबंदपणा मोजता येतो. दारात पंखा बसवून 50 पास्कल दाबफरकाला चाचणी घेतात. पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांच्या मानकात तेव्हा तासाला घरातल्या एकूण हवेच्या जास्तीत जास्त 0.6 पट हवा बदललेली चालते. ही चाचणी जोडणीनंतरची हवी. कारखान्यातलं प्रमाणपत्र पुरेसं नाही. (इतक्या बंद घराला यांत्रिक वायुवीजन (यंत्राने हवा आत-बाहेर खेळवणं) लागतंच, हे संदेशात सोयीस्करपणे गाळलंय.)

राहिला ‘शून्य’. ‘नेट झिरो’ म्हणजे वर्षभरात वापराएवढी वीज घरानेच निर्माण करणं, बहुधा छतावरच्या सौर पॅनेलांतून. बॅटरी नसेल तर रात्री वीज ग्रिडमधून (सार्वजनिक वीजजाळ्यातून) घ्यावी लागतेच, आणि बिलातला स्थिर आकारही सहसा सुटत नाही.