फुटबॉल लीग २०१४ च्या आधीही होती, आणि पहिली लीग एका कापड गिरणीच्या संघानं जिंकली होती

गेले काही दिवस सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: भारतात व्यावसायिक फुटबॉल लीग २०१४ मध्ये आयएसएलनं (इंडियन सुपर लीगनं) आणली. त्याआधी चालायचं ते सगळं हौशी. आयएसएलमुळेच भारताचं रँकिंग सुधारलं. आणि हा खेळ महानगरांचा, बक्कळ पैशाचा, तेव्हा सोलापूरच्या पोरांनी त्यात वर्षं घालवू नयेत. हे शेवटचं वाक्य मी एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर वाचलं. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे दाखवले होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा, २०१४. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) सुरू केली १९९६ मध्ये. पहिल्या हंगामाचं विजेतेपद कोलकात्याला गेलं नाही, गोव्यालाही गेलं नाही. ते गेलं पंजाबातल्या फगवाड्याला. जालंधर-लुधियाना रस्त्यावरचं हे लाखभर वस्तीचं गाव, आणि संघ होता तिथल्या कापड गिरणीचा, जेसीटी मिल्स. बायचुंग भूतियानं त्या हंगामात त्यांच्यासाठी १४ गोल केले. ज्या सोलापुरात जुन्या मिलवर आणि लक्ष्मी-विष्णू गिरणीवर पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार चालले, तिथल्या माणसांना देशाचा पहिला लीगविजेता एका गिरणीचा संघ होता हे माहीत असायलाच हवं. मुंबईतही मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्रा यांचे संघ होते. फुटबॉलपटूला पगार, नोकरी आणि मैदान देण्याचं काम आपल्याकडे बरीच वर्षं गिरण्यांनी आणि कंपन्यांनी केलं.

ही लीग ११ हंगाम चालली. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा जिंकली, गोव्याच्या डेम्पोनं दोनदा. २००५-०६ मध्ये ती मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं जिंकली, म्हणजे महाराष्ट्रात राष्ट्रीय विजेतेपद आयएसएलच्या आठ वर्षं आधी आलेलं आहे. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. पुणे एफसी त्याच आय-लीगमध्ये खेळायचा, बालेवाडीत. सोलापुरातून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की संध्याकाळचा सामना आरामात गाठता यायचा. २०१२-१३ मध्ये हा संघ देशात दुसरा आला होता.

आता 'सगळं हौशी होतं' याबद्दल. यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या संघांत बरेच खेळाडू नोकरीवर खेळायचे, टीव्हीवर सामने क्वचित दिसायचे, मैदानं खराब होती. महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला, जेसीटीनं २०११ मध्ये. या खेळाकडे कुणाचं लक्षच जात नाही, ही जेसीटीची तक्रार खरी होती. आयएसएलनं प्रेक्षक आणले, प्रक्षेपण सुधारलं, खेळाडूंचे करार मोठे झाले, यात वाद नाही. पण मोठ्या क्लबांचे खेळाडू आधीही करारावरच खेळत होते, परदेशी खेळाडूही येत होते. ईस्ट बंगालनं २००३ मध्ये जकार्तात आग्नेय आशियातल्या क्लबांची आसियान क्लब स्पर्धा जिंकली ती हौसेवर नव्हे. आणि एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबात नाही: पहिली तीन वर्षं आयएसएल ही जेमतेम अडीच-तीन महिन्यांची स्पर्धा होती. बाकीच्या वर्षात त्यातले कितीतरी भारतीय खेळाडू आय-लीगच्याच क्लबांकडून खेळायचे. २०१६ मध्ये एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय क्लब बेंगळुरू एफसी. तो तेव्हा आय-लीगमध्ये होता, आयएसएलमध्ये आला २०१७ साली.

रँकिंगचं फार लांबवत नाही. भारताचं आजवरचं सर्वोत्तम फिफा रँकिंग ९४ आहे, आणि ते फेब्रुवारी १९९६ मधलं. तेव्हा एनएफएलसुद्धा सुरू झालेली नव्हती. २०१५ मध्ये आपण १७३ वर होतो, २०१७ मध्ये ९६ वर आलो, आणि २०२५ मध्ये पुन्हा १३० च्या खाली घसरलो. या चढउताराचं श्रेय किंवा खापर एकाच लीगवर टाकता येत नाही.

राहिला तो मुद्दा ज्यामुळं मला खरा राग आला: छोट्या गावानं या नादी लागू नये.

मिझोरामची राजधानी आयझॉलची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २ लाख ९३ हजार होती. सोलापूरची साडेनऊ लाख. आयझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबई एफसीनं सोडलेले खालिद जमील प्रशिक्षक म्हणून आले. ३० एप्रिल २०१७ ला शेवटचा सामना शिलाँगमध्ये, तिथल्याच लाजाँग संघाविरुद्ध. विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती आणि पहिल्या दहा मिनिटांतच गोल बसला. तिकडे मोहन बागान आपला सामना जिंकत होता. म्हणजे बरोबरीचा गोल झाला नाही तर सगळं संपलं. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलानं तो गोल केला, १-१, आणि ३७ विरुद्ध ३६ गुणांनी आयझॉल भारताचा विजेता झाला. तेच जमील २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ईशान्येची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. मग कोल्हापूर घ्या. तिथं तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलमध्ये गेला. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली राष्ट्रीय महिला लीगमध्ये खेळल्या. आपल्याकडं संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर चपलांचे गोलपोस्ट करून, गुडघे सोलवटून घेत खेळणारी पोरं कोल्हापूरच्या पोरांपेक्षा कुठं कमी आहेत? कमी आहेत ते नियमित सामने, आणि ते भरवणं मोठ्यांचं काम आहे.

वर जायचा रस्ताही २०२३-२४ मध्ये कागदावर स्पष्ट झाला. राज्य पातळीवरची लीग, त्या हंगामात सुरू झालेली आय-लीग ३, मग आय-लीग २, आय-लीग आणि आयएसएल. पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेले, फ्रँचायझीची फी भरून नव्हे. ज्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज गेलाय, तिथं हेही जाऊ द्या.