जंगलचा जीव का घोटता?

पुन्हा तेच! १९९३ सालचा ‘जंगल’ ट्रॅक, म्हणजे लंडनचं ते वेगवान ड्रमचं नृत्यसंगीत, ‘रीमास्टर’ (आवाज नव्याने सुधारलेली आवृत्ती) म्हणून पैसे मोजून घ्यायचा आणि ऐकायला काय मिळतं? सगळा आवाज इतका चढवलेला की स्नेअर ड्रमचा फटकाच बसत नाही. अहो, १९६९ मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेला तो जेमतेम ७ सेकंदांचा ड्रमचा तुकडा, अमेन ब्रेक! लंडनच्या पोरांनी सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) त्याचे तुकडे केले, वेग वाढवला, त्यावर अख्खं संगीत उभं केलं. फटक्यांमधली मोकळी जागा हाच त्याचा जीव. तीच लिमिटरखाली, म्हणजे आवाजाचे चढ-उतार दाबणाऱ्या यंत्राखाली, का चिरडता? काहींत तर चक्क जुन्या तबकडीची खरखर! मूळ डॅट टेप (मास्टरची डिजिटल टेप) सापडली नाही म्हणून तबकडीवरून उतरवलं असेल, तर तसं लिहा ना. बी-साइड (तबकडीच्या मागच्या बाजूचा ट्रॅक) गायब, सालही चुकीचं. निदान ट्रॅक करणाऱ्यांची नावं तरी नीट छापा!