खिमा आधी परता, झाकण नंतर

'कांदा, टोमॅटो, खिमा एकदम पॅनमध्ये घालून झाकण ठेवा' हे खिम्याच्या रेसिपीवरच्या एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. असं केलं की खिम्याला पाणी सुटतं, तो परतला न जाता उकडतो आणि गोळे तसेच राहतात. अर्धा किलो मटण खिमा रुंद, चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये दोनदा करून घाला, २-३ मिनिटं अजिबात हलवू नका. खालून तांबूस झाला की उलथन्यानं मोडा. मीठ नंतर.

तिखट मंद आचेवरच घाला, करपलं तर सगळा खिमा कडू होतो. रंगाला ब्याडगी मिरचीचं तिखट २ चमचे, आपली संकेश्वरी मिरची अर्धाच चमचा (ती जहाल असते). मग टोमॅटो, अर्धी वाटी गरम पाणी, आणि आता झाकण: २० मिनिटं.