रांगेतल्या माणसाने सरकायचं कुठे?

"उघड्यावर सिगारेट ओढतोय ना, मग काय प्रॉब्लेम आहे?" असं म्हणणाऱ्याला पक्की खात्री असते की कायदा आपल्याच बाजूने आहे. तो अर्धवटच बरोबर असतो. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली, हे खरं. पण २ ऑक्टोबर २००८ ला लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बरीचशी बुजवली. रेल्वे स्टेशन, बस स्टॉप, स्टेडियम, खुलं प्रेक्षागृह या जागा, डोक्यावर छप्पर असो वा नसो, 'मोकळ्या' धरल्या जात नाहीत. तिथे पेटवली तर २०० रुपयांपर्यंत दंड.

त्याच नियमांनी ऑफिसातही बंदी आणली. उत्तमच झालं. पण तो धूर गेला कुठे? खाली फुटपाथवर! ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुपारी चारच्या सुमारास एक चक्कर मारा. टपरीभोवती गळ्यात आयकार्ड अडकवलेला घोळका, एका हातात कटिंग, दुसऱ्यात सिगारेट. एसीतल्या सहकाऱ्यांची फुफ्फुसं वाचली, आणि नातवाला शाळेतून घरी नेणारी आजी पदर नाकाला लावून त्यातून वाट काढते.

म्हणून काही मित्र म्हणतात, तलावपाळी, उपवन असे तलावकाठ, सगळ्या बागा, सरसकट बंदी घाला. फ्रान्सने जून २०२५ च्या अखेरीपासून बागा, समुद्रकिनारे आणि बस थांब्यांवर घातलीच आहे. मला हे पटत नाही. रात्री उपवनच्या काठावर कुणी एकटा ओढत बसला असेल तर मी दहा पावलं पुढे जाऊ शकतो. त्याचं त्याला लखलाभ.

माझा निकष एकच: समोरच्याला सरकता येतं का? ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत उभं राहा. पुढच्याने पेटवली की गरोदर बाई असो, दम्याचा म्हातारा असो, हलायची सोय नाही, कारण हललात की नंबर गेला. बोललात तर "मॅडम, रस्ता आहे हा" हे ऐकून घ्यायचं. नियमात बस स्टॉपचं नाव स्पष्ट आहे. रिक्षा स्टँड मात्र 'अशा इतर जागा' या मोघम शब्दांत बसवावा लागतो. जिथे रांग तिथे बंदी, एवढं एक वाक्य स्वच्छ लिहायला काय हरकत आहे?

आणि सुट्टी सिगारेट. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली, आठवतं कुणाला? कारण साधं होतं. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापणं सक्तीचं, आणि सुट्टी घेणाऱ्याला तो दिसतच नाही. टपरीवर लाईटर अजून दोरीला लटकलेलाच आहे. ही बंदी खरंच राबवली तर फुटपाथवरचा घोळका आपोआप पातळ होईल असं मला वाटतं. फक्त मार पहिला टपरीवाल्याला बसेल, कंपनीला नाही, हे खटकतं.

दंडाचं म्हणाल तर कर्नाटकाने २०२५ मध्ये तो २०० वरून १००० केला. आपणही करू, पण आधी पावती फाडणारा माणूस दिसू दे. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव जागेवर लावलेलं असावं, असं २००८ च्याच नियमांत लिहिलंय. ठाण्यातल्या एखाद्या बस स्टॉपवर तुम्ही असं नाव वाचलं असेल, तर फोटो टाका.